स्वयंपाकघरातून गेलेली वायर

“मॅडम, साडेपाचच्या आत हे चालू न्हाई झालं, तर तुमचं हे डबडं मी उकिरड्यावर फेकनार. मंग तुमी आन् तुमचं हापिस बघून घ्या.”

सर्जेराव आप्पा हे हळू आवाजात बोलले, म्हणून मला जास्त भीती वाटली. ओरडणाऱ्या कस्टमरची मला सवय आहे. हळू बोलणारा कस्टमर कंपनी बदलतो, आणि जाताना अख्ख्या गावाला बदलायला लावतो.

त्यांच्या ओट्यावर मोठा टीव्ही आणून ठेवला होता. अंगणात ताडपत्री, तिच्यावर मंडपवाल्याच्या लाल खुर्च्या, आणि खुर्च्यांवर अर्धं गाव. टीव्हीवर एक गोल चक्री फिरत होती. सगळे त्या चक्रीकडे बघत होते आणि मग माझ्याकडे बघत होते.

आप्पांची मुलगी प्रतीक्षा कबड्डी खेळते. एका मोठ्या स्पर्धेचा उपांत्य सामना होता आणि पहिल्या सात जणींत तिचं नाव पहिल्यांदाच आलं होतं. सामना लांब दुसऱ्या राज्यात. टीव्हीच्या कुठल्याच चॅनेलवर तो दिसणार नव्हता, फक्त एका ॲपवर लाइव्ह दिसणार होता. तेवढ्यासाठी आप्पांनी जास्त स्पीडचा प्लॅन घेतला आणि आदल्या दिवशी आमच्या माणसाने नवीन राऊटर बसवून दिला. जुन्यावर ॲप अडखळत का होईना चालायचं. नव्यावर धड चालेना.

मी राहात्यात एका ब्रॉडबँड कंपनीत टेक्निकल सपोर्टला आहे. माझं काम खुर्चीवर बसून फोन उचलायचं. “राऊटर बंद करून चालू करा” हे वाक्य मी झोपेतसुद्धा बोलते, असं माझा नवरा म्हणतो. पण त्या दिवशी शिर्डी रोडला जेसीबीने आमची फायबर तोडली होती आणि फिल्डची सगळी माणसं खड्ड्यात उतरलेली. नगरहून आमच्या साहेबांचा, कदम सरांचा फोन आला. “एस्तेर, ते पेरूच्या बागेतलं कनेक्शन. तिसरी कंप्लेंट आहे. तू जा.”

“सर, मी फिल्डची नाही.”

“लॅपटॉप आहे ना? स्कूटी आहे ना? मग आहेस.”

तर अशी मी तिथे उभी होते.

पहिलं काम, लाईन बघणं. राऊटरवरचा दिवा हिरवा होता, म्हणजे बाहेरून येणारा उजेड नीट पोचत होता. फायबरच्या तारेतून वीज येत नाही, उजेड येतो. तो तुटला की लाल दिवा लागतो. मी लॅपटॉप वायरने राऊटरला जोडला आणि स्पीड टेस्ट लावली. पैसे घेतो त्यापेक्षा थोडा जास्तच स्पीड येत होता. माझा जीव भांड्यात पडला, पण तेवढ्यापुरताच. लाईन चांगली, राऊटर नवा, आणि टीव्हीवर चक्री. आता दोष कुणाला देणार?

“टीव्हीच खराब असेल,” मी म्हणून पाहिलं.

“टीव्ही दिवाळीला घेतलाय,” आप्पा म्हणाले.

मी टीव्ही बंद करून चालू केला. ॲप उघडलं. चित्र आलं, कुठल्यातरी जुन्या सामन्याचं. अंगणात टाळ्या पडल्या. मी लॅपटॉप आवरायला घेतला. थोड्या वेळाने आप्पांच्या पुतण्याने रिमोट घेऊन उगाच चॅनेल बदलले, परत ॲपवर आला आणि टीव्हीने वायफाय शोधायला सुरुवात केली. पुन्हा चक्री.

पहिल्या खुर्चीत कोंडीबा आबा बसले होते, गावातले सगळ्यात जुने कबड्डीवाले. ते शेजारच्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, “जुना बरा हुता. नवं आनलं आन् घरात पीडा आनली.”

मी दात ओठ खात राऊटरजवळ परत गेले.

विचित्र गोष्ट अशी की काहींच्या फोनवर वायफाय झकास चालत होतं. आप्पांच्या फोनवर चालत होतं. सरपंचांच्या फोनवर मात्र वायफायची खूण दिसायची आणि आत काहीच उघडायचं नाही. मग त्यांनी वायफाय बंद करून पुन्हा लावलं तर चालायला लागलं. आणि तोच प्रकार आप्पांनी केला, तर त्यांचं बंद पडलं. आमच्या धंद्यात सरळ बंद पडलेली गोष्ट परवडते. मध्येच चालणारी आणि मध्येच न चालणारी गोष्ट माणसाला वेड लावते.

“हॉटस्पॉट लावा की कुनाचा,” मागून कोणीतरी सुचवलं. ते मी आधीच करून पाहिलं होतं. त्या वस्तीवर मोबाईलला जेमतेम एक काडी येते. फोन लागतो, व्हिडिओ चालत नाही. म्हणून तर सगळी आप्पांकडे जमली होती.

सामन्याला फार वेळ उरला नव्हता. मी टीव्हीच्या सेटिंगमध्ये शिरले आणि त्याचा पत्ता बघितला.

हा पत्ता म्हणजे काय ते सांगते. राऊटर इंटरनेट वाटतो हे सगळ्यांना माहीत असतं. त्याचं दुसरं काम कमी जणांना माहीत असतं. घरातलं प्रत्येक यंत्र, फोन असो की टीव्ही, जोडलं जाताना विचारतं, “मी कोण? आणि बाहेर जायचं दार कुठे?” राऊटर त्याला एक नंबर देतो आणि दार दाखवतो. हे नंबर एकाच मालिकेतले असतात, एका गल्लीतल्या घरनंबरांसारखे.

माझ्या लॅपटॉपला मिळालेला नंबर एका मालिकेतला होता. टीव्हीचा नंबर भलत्याच मालिकेतला निघाला.

मी दोनदा तपासलं. मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि लगेच रागही आला. या घरात नंबर वाटणारा आणखी एक जण होता. दुसरा राऊटर. यंत्राने विचारलं की जो आधी उत्तर देईल त्याचा नंबर. नव्याने उत्तर दिलं तर काम फत्ते. जुन्याने दिलं तर तो आपलं दार दाखवणार, आणि त्याच्या दाराबाहेर इंटरनेटच नाही. म्हणून हा सगळा लपंडाव.

“आप्पा, जुना राऊटर कुठे आहे?”

“भंगारात दिला. हिनंच दिला. काय गं, दिला ना?”

दाराच्या चौकटीत मंदाताई उभ्या होत्या, आप्पांची बायको. हातात पाण्याचा तांब्या. त्यांनी मान हलवली. ती मान हो म्हणाली, पण चेहरा पांढरा पडला.

मी वाकून नवीन राऊटरची मागची बाजू पाहिली. एक वायर आमची, आत येणारी. दुसऱ्या भोकात एक निळी वायर होती, मघाशी घाईत माझ्या लक्षात न आलेली. ती भिंतीच्या कडेने, सोफ्यामागून, सरळ स्वयंपाकघरात गेली होती.

“मॅडम, च्या घ्यायला आत या,” मंदाताई घाईने म्हणाल्या. “उन्हाच्या आल्यात तुमी.”

“अगं, च्या नंतर! आधी टीव्ही,” आप्पा म्हणाले.

“मला आतली वायर बघायची आहे,” मी म्हणाले आणि त्यांच्या मागे गेले.

स्वयंपाकघरात वायर ओट्याखालून, डब्यांमागून जात मागच्या खिडकीतून बाहेर पडत होती. खिडकीबाहेर हातभर अंतरावर भिंत होती आणि त्या भिंतीत दुसऱ्या घराची खिडकी.

मंदाताईंनी दार लोटलं. “मॅडम, तुमच्या पाया पडते. ती वायर काढू नका.”

मग त्यांनी जे सांगितलं ते भराभर, कुजबुजत सांगितलं. पलीकडचं घर आप्पांच्या धाकट्या भावाचं, बापूचं. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघा भावांचं वाजलं, ते कोर्टापर्यंत गेलं आणि बोलणं बंद झालं. बापूंनी आमचं कनेक्शन मागितलं होतं. पण फायबरची तार आप्पांच्या बागेतून न्यावी लागली असती, आणि आप्पांनी खांब रोवू दिला नाही. पुरुषांचं तोंड पुढून बंद. बायकांचं मात्र मागच्या खिडकीतून चालू. इकडून कालवण जाई, तिकडून लोणचं येई, आणि वाटी कधी रिकामी परत जात नसे.

“प्रतीक्षाला मैदानावर पयल्यांदा बापूनंच नेली,” त्या म्हणाल्या. “आमच्या ह्यांना तवा वाटायचं, पोरीच्या जातीला काय करायचीय कबड्डी. ह्यांच्या चोरून बापू तिला शिकवायचा, बागेत, पेरूच्या दोन झाडांमधी रेघ मारून. आज समद्या गावाला आवतन हाय. त्याला न्हाई. आता त्यानं पोरीचा खेळ कुठं बघायचा?”

म्हणून त्यांनी नवीन राऊटर बसवणाऱ्या आमच्या माणसाला सांगितलं, मागच्या खोलीत टीव्ही लावायचाय, एक लांब वायर टाका. त्याने टाकली. जुना राऊटर ताटाखाली झाकून खिडकीतून पलीकडे गेला, कालवण जातं तसाच. पलीकडे जाऊबाईंनी वायर दिसेल त्या भोकात खुपसली. राऊटर चालू झाला, दिवे लागले आणि दोघी खूश. तो राऊटर मात्र आपण अजून घरमालकच आहोत असं समजून दोन्ही घरांत नंबर वाटत बसला.

मला या बाईचा राग यायला हवा होता. आला नाही. आप्पांचा आला.

पण काम काम असतं. मी मागच्या दारात जाऊन कदम सरांना फोन लावला.

“सर, दुसरा राऊटर सापडला. शेजारच्या घरात जोडलाय.”

“शेजारच्या? एक कनेक्शन दोन घरांत चालत नाही, एस्तेर. वायर काढ, कंप्लेंटचं टिकीट क्लोज कर.”

“सर, भाऊ आहेत.”

“भाऊ असू देत नाहीतर बहीण असू दे. काढ.” आणि फोन ठेवला.

वायर काढणं सोपं होतं. एक क्लिप दाबायची आणि ओढायची. टीव्ही चालू झाला असता, टाळ्या पडल्या असत्या आणि मी स्कूटीवर बसले असते. दुसरा रस्ताही होता. जुन्या राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरून त्याचं नंबर वाटणं बंद करायचं. मग तो मुकाट्याने नव्याचं इंटरनेट पुढे देतो, कुणालाच त्रास नाही. त्यासाठी त्याचा पासवर्ड हवा होता, आणि तो त्याच्या पोटाखालच्या स्टिकरवर छापलेला असतो.

“ताई, त्यांना म्हणावं, राऊटर उलटा करा आणि खाली लिहिलेलं वाचा. वायर काढू नका.”

मंदाताई खिडकीशी गेल्या. “अगं, ए! डबीखाली काय लिव्हलंय ते वाच!”

पलीकडे कुजबुज झाली आणि उत्तर आलं ते पुरुषाच्या आवाजात. “वैनी, हिला इंग्रजी न्हाई वाचता येत. मी वाचतो. घ्या लिहून.”

बापू एकेक अक्षर वाचू लागले. मी ओट्यावर लॅपटॉप ठेवून टाईप करत होते. बाहेर कोणीतरी ओरडलं, “पोरी मैदानात आल्या असत्याल आता!”

अर्धा पासवर्ड झाला आणि लोटलेलं दार उघडलं.

आप्पा चौकटीत उभे होते. पलीकडून बापूंचा आवाज चालूच होता, “आता यक आकडा हाय, सात...” आणि मंदाताईंनी हाताने खूण करूनही त्यांना ती दिसणार कशी? त्यांनी शेवटपर्यंत वाचलं आणि वर विचारलं, “झालं का हो वैनी?”

मी शेवटचं अक्षर टाईप केलं.

आप्पांनी वायरकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. मग मला विचारलं, “मॅडम, बिघाड कशानं हाय?”

खोटं बोलायची इच्छा झाली होती. पण बिल त्यांच्या नावाने जातं. “जुना राऊटर चालू आहे. पलीकडे. तो मध्ये येतोय.”

“आन् ही वायर काढली तर?”

“तर टीव्ही चालेल. पण मला थोडा वेळ द्या, न काढताही...”

ते ऐकायला थांबले नाहीत. बाहेरच्या खोलीत गेले आणि राऊटरमधून निळी वायर खसकन ओढली. मी मागोमाग गेले. टीव्हीचं वायफाय बंद करून चालू केलं. नंबर बरोबर आला. ॲप उघडलं, आणि निळ्या चटईवर दोन्ही संघ रांगेत उभे असलेले दिसले. चौथी प्रतीक्षा. अंगणात अशा शिट्ट्या वाजल्या की कुत्री भुंकायला लागली.

मागे स्वयंपाकघरात पलीकडची खिडकी बंद झाल्याचा आवाज मला आला.

“अगं, ये की भाईर! चालू झालं!” आप्पांनी हाक मारली.

“मला भाकरी टाकायच्यात,” आतून उत्तर आलं.

“भाकरी आत्ता?”

“व्हय. आत्ता.”

एवढे पाहुणे बसलेले, पोरगी टीव्हीवर, आणि आई आत भाकरी थापते आहे. थापण्याचा आवाज बाहेर स्पष्ट येत होता. आप्पांनी खुर्ची टीव्हीच्या अगदी पुढे ओढली. माझं काम संपलं होतं. मी निघायला हवं होतं. पण लॅपटॉप स्वयंपाकघरात होता, आणि खरं सांगायचं तर त्या बाईला तसं सोडून जाणं मला जमेना. मी दारात उभी राहिले.

पहिल्या दोन चढायांत प्रतीक्षा हात हलवत परत आली. तिसऱ्यांदा ती खोल आत शिरली. चौघींनी तिला कोपऱ्यात कोंडली. आता ही सापडली, असं मला वाटलं. ती परत फिरतेय असं दाखवून वळली आणि वळता वळता तिने पाठीमागे लाथ झाडली. कोपऱ्यातल्या मुलीच्या छातीला तिची टाच लागली आणि ही मध्यरेषेच्या अलीकडे.

अंगण उठून उभं राहिलं. कोंडीबा आबा काठी आपटत ओरडले, “बापूची लाथ! अरं, हुबेहूब बापूची लाथ हाय ही!”

ते बोलून गेले आणि त्यांचं त्यांनाच कळलं. शिट्ट्या थांबल्या. कोणी आप्पांकडे पाहीना. टीव्हीवर ती लाथ पुन्हा दाखवत होते, सावकाश, दोन बाजूंनी.

आप्पा ते सगळं बघत बसले. मग उठले आणि माझ्याजवळ आले. नजर जमिनीवर.

“मॅडम, ती वायर कुठल्या भोकात हुती?”

“थांबा,” मी म्हणाले. “नुसती लावू नका, परत तेच होईल.”

मी आतून लॅपटॉप आणला आणि वायर आधी त्याला लावली. बापूंनी वाचलेला पासवर्ड पूर्ण झाला होता. जुन्या राऊटरच्या आत शिरले, नंबर वाटण्याची सेटिंग बंद केली, सेव्ह केलं. मग वायर नव्या राऊटरमध्ये बसवली. क्लिप टक्कन लागली. टीव्ही अडखळला नाही. मी स्वयंपाकघरात गेले आणि म्हणाले, “ताई, सांगा त्यांना. फोनचं वायफाय एकदा बंद करून लावायला सांगा.”

मंदाताईंनी पिठाच्या हातानेच खिडकी वाजवली. “बापू! लाव! लवकर लाव!”

पुढचा गुण मिळाला तेव्हा अंगणात आरडाओरडा झाला आणि विरला. मग पलीकडच्या घरातून तसाच ओरडा आला. लाइव्ह म्हणतात, पण दोन पडद्यांवर चित्र कधी एकाच क्षणी पोचत नाही. त्यांचं आमच्यापेक्षा थोडं मागे होतं. सामना संपेपर्यंत असंच चाललं, आधी इकडे, मग तिकडे. मंदाताई हात पुसत बाहेर येऊन आप्पांच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या आणि रडू लागल्या. मलाही रडू आलं. फिल्डवर आलेल्या बाईने रडू नये असं कंपनीच्या नियमांत कुठे लिहिलेलं नाही.

सामना मुली थोडक्यात हरल्या. प्रतीक्षाने मात्र त्यांच्या संघातले सगळ्यात जास्त गुण आणले.

टिकिटावर मी लिहिलं, “राऊटरची सेटिंग बदलली, टीव्ही सुरू.” यात खोटं काही नाही. कदम सरांनी वायरचं विचारलं. मी म्हटलं, काढली होती. हेही खोटं नाही. माझ्यावर शेकलंच तर मी बघून घेईन असं ठरवून टाकलं.

भावांचा समेट वगैरे झाला नाही. कोर्टाच्या तारखा चालू आहेत. पण मधे आप्पांचा फोन आला होता.

“मॅडम, तिकडं स्पीड कमी येतो म्हनत्यात.”

“कोण म्हणतं, आप्पा?”

“लोकं म्हनत्यात. तुमी येऊन बघा.”

मी गेले. निळी वायर आता लोंबकळत नव्हती, भिंतीवर नीट पट्टी मारून तीत बसवलेली होती. बागेत खांब रोवायला परवानगी दिली तर पलीकडे स्वतंत्र कनेक्शन देता येईल, असं मी सुचवलं. “बघू,” आप्पा म्हणाले. त्यांचं बघणं अजून चालू आहे.

राऊटर बदलल्यावर टीव्ही अडखळायला लागला तर कंपनीला शिव्या देण्याआधी घरात दुसरा राऊटर चालू नाही ना, एवढं बघा. मी आता कुठल्याही घरी गेले की पहिला प्रश्न तोच विचारते, जुना कुठे गेला. फक्त तो बाहेरच्या खोलीत विचारत नाही. स्वयंपाकघरात जाऊन विचारते.